पटकथा विकली म्हणजे नेमकं काय विकलं?

तुमच्यापैकी बरेच जण पहिल्या पेपरच्या तयारीत आहेत, म्हणून हा विषय आत्ताच घेते: स्वतः लिहिलेलं दुसऱ्याला देताना आपल्याकडे काय उरतं? उदाहरण मात्र पटकथेचं घेऊ, कारण तिथे पैसे ठळक दिसतात आणि हक्क दिसत नाहीत. कायदा दोन्हीकडे एकच, १९५७ चा कॉपीराइट कायदा. त्याच्या लेखी तुमचा पेपर आणि पटकथा, दोन्ही साहित्यकृतीच.

हॉस्टेलमधल्या एका मित्राने पीएचडी करता करता पटकथा लिहिली. एका निर्मात्याला ती आवडली आणि चार पानी करार आला. मित्राने फक्त आकडा वाचला होता. त्याखालची ओळ अशी होती: सर्व हक्क, सर्व माध्यमांत, जगभर, कायमचे. मी वकील नाही, पण मूळ स्रोत उघडून वाचायची सवय पीएचडीने लावलीय. म्हणून थेट कायदाच उघडला.

कॉपीराइट ही एक वस्तू नाही, हक्कांची जुडी आहे. चित्रपट काढणं, डबिंग, रिमेक, पुढचा भाग, वेब सिरीज, नाटक, पटकथेचं पुस्तक, यातली प्रत्येक काडी वेगळी देता येते. निर्मात्याला एकच मराठी चित्रपट काढायचा असेल तर नाटकाचे हक्क त्याला कशाला हवेत? शिवाय 'असाइनमेंट' आणि 'लायसन्स' यांत फरक आहे. पहिलं म्हणजे घर विकणं, दुसरं भाड्याने देणं. करारात यातला कोणता शब्द आहे ते आधी शोधा.

सगळ्यात कामाचं कलम १९. असाइनमेंट लेखी आणि सहीनिशी हवी. कोणती कृती, कोणते हक्क, किती काळ, कुठल्या प्रदेशात, हे त्यात लिहिलेलं हवं. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. आणि घेणाऱ्याने एक वर्षात तो हक्क वापरलाच नाही, तर असाइनमेंट संपते. मी हे दोनदा वाचलं! म्हणजे करार गप्प असेल तिथे कायदा लेखकाच्या बाजूने बोलतो. पण करारात वेगळं लिहिलं की हे संरक्षण गेलं. 'कायमचे' आणि 'जगभर' हे शब्द तिथे उगाच नव्हते. त्यांच्या जोडीला 'चित्रपट न काढल्यासही हक्क परत जाणार नाहीत' असं वाक्यही होतं. पटकथा वर्षानुवर्षं कपाटात पडून राहते ती अशाच वाक्यामुळे.

काही गोष्टी मात्र सही करूनही जात नाहीत. २०१२ च्या दुरुस्तीनंतर चित्रपटात वापरलेल्या साहित्यकृतीच्या लेखकाला, सिनेमागृहाबाहेरच्या वापरावरच्या रॉयल्टीतला समान वाटा सोडून देता येत नाही. तसा करार रद्दबातल ठरतो. (वसुली प्रत्यक्षात कितपत होते, हा प्रश्न वेगळाच.) शिवाय करार झाला तेव्हा अस्तित्वात नसलेलं माध्यम त्यात आपोआप येत नाही, नाव घेऊन लिहावं लागतं.

दुसरं, कलम ५७. हक्क विकले तरी 'हे मी लिहिलंय' असं म्हणण्याचा आणि आपल्या प्रतिष्ठेला बाधा येईल अशा मोडतोडीला विरोध करण्याचा अधिकार लेखकाकडेच राहतो. मन्नू भंडारी यांनी 'आपका बंटी' या कादंबरीचे चित्रपटाचे हक्क दिले होते. त्यावर बनलेल्या 'समय की धारा'मधले बदल न पटल्याने त्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. पुढे दोन्ही बाजूंची तडजोड झाली, पण हक्क देण्याचा करार कलम ५७ च्या अधीन राहूनच वाचायचा, हे न्यायालयाने स्पष्ट केलं.

आणि एक भ्रम: 'आयडिया माझी होती.' आयडियाला कॉपीराइट नसतो. आर. जी. आनंद यांचं 'हम हिंदुस्थानी' नाटक आणि १९५६ चा 'न्यू दिल्ली' चित्रपट यांच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये हेच सांगितलं: संरक्षण मांडणीला, कल्पनेला नाही. त्यामुळे गोष्ट तोंडी ऐकवण्याआधी तारखेसह लिहून ठेवा. कॉपीराइट लिहिल्याक्षणीच मिळतो, पण वाद झाला तर नोंदणी पुरावा म्हणून उपयोगी पडते.

आता तुमच्या पेपरकडे या. स्वीकृतीच्या मेलसोबत येणारा फॉर्म हा असाच करार असतो, आणि आनंदाच्या भरात आपण तो न वाचता सही करतो. त्यात हक्क हस्तांतरित होतायत की फक्त परवाना दिला जातोय, आणि स्वतःच्याच आकृत्या थीसिसमध्ये वापरायची मुभा आहे का, एवढं तरी बघा.

मित्राचा करार तीनदा मागेपुढे झाला. पुढचा भाग, नाटक आणि पुस्तक त्याच्याकडे राहिलं. तीन वर्षांत शूटिंग सुरू झालं नाही तर पटकथा परत, हेही लिहून घेतलं. 'जगभर' काही निघालं नाही आणि रक्कम थोडी कमी झाली. त्याने सही केली.