बेटावरचे गाव आणि जनगणनेचा रकाना

मॅसॅच्युसेट्समधील न्यू बेडफर्ड आणि फॉल रिव्हर या शहरांत स्थायिक झालेल्या पोर्तुगीज घराण्यांपैकी बहुतेकांचे मूळ मुख्य पोर्तुगालात नाही, ते अटलांटिक महासागरातील अझोरेसच्या नऊ बेटांवर आहे. एकोणिसाव्या शतकात देवमाशांच्या शिकारीला निघालेली न्यू बेडफर्डची जहाजे फायाल बेटावरच्या होर्ता बंदरात थांबत आणि पाणी, भाजीपाला व खलाशी घेऊन पुढे जात. फायाल, पिको, फ्लोरेस येथील कित्येक तरुण अशा जहाजांवर चढले आणि पुढे अमेरिकेतच राहिले. शिकारीचा धंदा ओसरला, कापडगिरण्या वाढल्या, तशी साओ मिगेल बेटावरून कुटुंबेच्या कुटुंबे येऊ लागली. सक्तीची लष्करी सेवा चुकवण्यासाठी अनेक मुलगे चोरून जहाजावर चढत. म्हणूनच बेटांवरच्या पासपोर्ट नोंदवहीत एखाद्याचे नाव नसेल, तर तो गेलाच नाही असे मानता येत नाही.

या माणसांचा माग काढताना खरा अडसर एकच असतो, तो म्हणजे गावाचे नाव. अझोरेसच्या जुन्या चर्च नोंदी बेटानुसार, तालुक्यानुसार आणि शेवटी धर्मग्रामानुसार, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीनुसार, लावलेल्या आहेत. धर्मग्राम कळला तर दोन-तीन शतके मागे जाता येते. नाही कळला तर पोन्ता देल्गादा, आंग्रा आणि होर्ता येथील तिन्ही दफ्तरखाने उघडे असूनही हाती काही लागत नाही. त्यातही फसगत होते. ‘रिबेइरा सेका’ नावाचा धर्मग्राम साओ मिगेलवर आहे आणि साओ जॉर्जे बेटावरही आहे. नुसते ‘मानुएल सिल्वा’ एवढे नाव घेऊन थेट बेटांच्या वह्या चाळायला बसणे म्हणजे वेळेची नासाडी. शोध अमेरिकेच्या बाजूनेच सुरू करावा लागतो.

अमेरिकेची जनगणना दर दहा वर्षांनी होते. १८५० पासून घरातील प्रत्येक मुक्त व्यक्तीचे नाव नोंदले गेले आणि १८८० पासून कुटुंबप्रमुखाशी असलेले नाते व आईवडिलांचा जन्मदेश. १८९० ची जवळजवळ सगळी कागदपत्रे १९२१ मध्ये वॉशिंग्टनला लागलेल्या आगीपायी गेली. नेमक्या स्थलांतराच्या भरतीच्या काळात वीस वर्षांचे भगदाड पडले. त्याची बरीच भरपाई १९०० ची गणना करते. तिच्यात जन्माचा महिना व वर्ष, लग्नाला झालेली वर्षे, अमेरिकेत आल्याचे साल, आणि आईला किती मुले झाली व त्यांतली किती हयात आहेत, हे सारे विचारले आहे. हा शेवटचा रकाना फार मोलाचा. ‘नऊ झाली, पाच हयात’ असे दिसले की बाप्तिस्म्याच्या वहीत किती भावंडे शोधायची ते कळते, आणि एकसारख्या नावांच्या दोन जोडप्यांतून आपले जोडपे वेगळे काढता येते.

मात्र जन्मस्थानाच्या रकान्यात ‘पोर्तुगाल’, ‘अझोरेस’ किंवा जुन्या वळणाचे ‘वेस्टर्न आयलंड्स’ एवढेच सापडते. वयावरही विसंबता येत नाही, कारण माहिती देणारी व्यक्ती कधी शेजारीण असे, कधी घरातला भाडेकरू. पण हे भाडेकरू आणि शेजारीच पुढची वाट दाखवतात. एका गावची माणसे एकाच गल्लीत, बहुधा एकमेकांच्या घरी राहत. आपल्या पूर्वजाचे गाव कागदावर नसेल, तर त्याच्याकडे राहणाऱ्या चुलतभावाचे किंवा मेहुण्याचे असू शकते. आडनावांपेक्षा हा गोतावळा अधिक भरवशाचा, कारण आडनावे बदलली: पेरेइराचे पेरी झाले, रॉड्रिग्जचे रॉजर्स, रोझाचे रोज, तर रेइस हे चक्क किंग झाले.

गावाचे नाव देणारे कागद दुसरेच असतात. १९०६ नंतरच्या नागरिकत्वाच्या अर्जांत जन्मतारीख, जन्मगाव आणि जहाजाचे नाव मिळते. १९०७ नंतरच्या प्रवासी याद्यांत मायदेशातल्या जवळच्या नातलगाचे नाव व पत्ता आहे. पहिल्या महायुद्धाच्या लष्करी नोंदणीत जून १९१७ च्या कार्डावर जन्मगाव विचारले होते. सप्टेंबर १९१८ च्या कार्डावर तो प्रश्नच नव्हता. आणि सर्वांत दुर्लक्षित म्हणजे अमेरिकेतल्या पोर्तुगीज चर्चच्या विवाह नोंदी. न्यू बेडफर्डचे सेंट जॉन द बॅप्टिस्ट हे १८७१ मध्ये स्थापन झालेले उत्तर अमेरिकेतील पहिले पोर्तुगीज धर्मग्राम. लग्नासाठी बाप्तिस्म्याचा दाखला लागे, त्यामुळे वधूवरांचा मूळ धर्मग्राम वहीत उतरण्याचा संभव मोठा. १९०८ पासून लागू झालेल्या ‘ने तेमेरे’ या पोपच्या आदेशाने लग्नाची खबर बाप्तिस्म्याच्या चर्चला कळवणे बंधनकारक झाले. म्हणून बेटावरच्या वहीत, मूळ नोंदीच्या समासात, अमेरिकेतले लग्न टिपलेले सापडू शकते.

धर्मग्राम हाती आला की खरा खजिना उघडतो. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ मध्ये नोंदवह्या ठेवण्याचा नियम घातला आणि १९११ मध्ये पोर्तुगीज प्रजासत्ताकाने नागरी नोंदणी सक्तीची करेपर्यंत जन्म, लग्न, मृत्यू यांचा आधार चर्चच होते. १८६० पासून नोंदीचा साचा ठरून गेला. समासात क्रमांक व बाळाचे फक्त पहिले नाव, मग बाप्तिस्म्याची तारीख, चर्च व धर्मगुरूचे नाव, जन्माचा दिवस आणि वेळ, वडिलांचे नाव व धंदा, आईचे नाव, दोघे कुठले, त्यांचे लग्न कुठे लागले, दोन्हीकडचे आजी-आजोबा, शेवटी धर्मपिता व धर्ममाता, आणि त्यांना सही येत नसल्यास तसा उल्लेख. एका पानात तीन पिढ्या! गोव्यातल्या पोर्तुगीज काळच्या चर्च नोंदी ज्यांनी हाताळल्या आहेत त्यांना ही धाटणी ओळखीची वाटेल. ती त्याच परंपरेतली.

वाचताना जपायचे ते संक्षेपांना. तारखेत ‘७’ हा आकडा लिहून त्याला ‘ब्रो’ जोडलेले असेल तर तो जुलै नव्हे, सप्टेंबर. ‘८’ असेल तर ऑक्टोबर. या एका चुकीने भावंडांचा क्रम उलटापालटा होतो.

स्त्रियांची नावे हे दुसरे अवघड वळण. मारिया दे जेझुस, रोझा दा कोन्सेइसाव, आना दो एस्पिरितो सांतो ही भक्तिनामे आहेत, घराण्याची आडनावे नव्हेत. तीच बाई एका मुलाच्या नोंदीत एका नावाने आणि दुसऱ्याच्या नोंदीत वेगळ्या नावाने भेटते. त्यामुळे आईवडिलांची पहिली नावे, दोघांचे धर्मग्राम आणि आजी-आजोबा या चौकटीवर भर द्यावा. लग्न बहुधा वधूच्या धर्मग्रामात लागे. म्हणून पुढची पायरी नेहमी आईच्या गावची विवाह नोंद. तिच्यातून दोघांचे आईवडील मिळतात, त्यांचे लग्न शोधायचे, आणि असेच मागे जात राहायचे.

लहान बेटांवर नात्यातली लग्ने सर्रास होत. त्यासाठी चर्चची सूट घ्यावी लागे, आणि नोंदीत ‘तिसऱ्या अंशाचे’, ‘चौथ्या अंशाचे’ रक्तनाते लिहिलेले असते. तिसरा अंश म्हणजे दोघांचे पणजोबा-पणजी एकच. मधल्या वह्या गहाळ असल्या तरी अशा एका उल्लेखाने दोन शाखा जुळतात. जिथे ‘एश्पोश्तो’, म्हणजे टाकलेले मूल, असा शेरा आहे तिथे मात्र वंशावळ थांबते. ही मुले अनाथालयाच्या भिंतीतल्या फिरत्या पेटीत रात्री ठेवली जात आणि त्यांचे आईवडील अज्ञात म्हणून नोंदले जात. क्वचित नंतर आई किंवा वडील पुढे येऊन मूल आपले असल्याचे मान्य करत. ती टीप त्याच नोंदीच्या समासात किंवा त्या मुलाच्या लग्नाच्या नोंदीत तपासावी लागते.