क्लास लावणं, क्लास घेणं

आपल्या संभाजीनगरात ‘क्लास’ म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? औरंगपुऱ्यातल्या एखाद्या जिन्यावर चपलांचा ढीग, भिंतीवर टॉपर्सचे फोटो आणि घरच्यांनी कसाबसा भरलेला फीचा हप्ता. दहावीचा निकाल लागायच्या आधीच नातेवाईक विचारतात, ‘क्लास लावला का?’ आणि ‘क्लास घेतला’ म्हणजे सरांनी चारचौघांत झापलं!

याच शहरात रविवारी सकाळी आणखी एक क्लास भरतो. त्याला फी नाही, बॅनर नाही, रँक तर नाहीच. चर्चच्या मागच्या खोलीत, नाहीतर आवारातल्या झाडाखाली सतरंजी टाकलेली असते. तिच्यावर दहा-पंधरा चिल्लीपिल्ली आणि समोर एक ‘टीचर’. नीट बघा, ती टीचर कदाचित तुमच्याच वर्गातली असेल. बी.एस्सी. सेकंड इयर, सोमवारी जर्नल सबमिट करायचंय, अर्धं अजून लिहायचंय. तरीही ती इथं आहे. चार-पाच वर्षांपूर्वी ती याच सतरंजीवर बसून चुळबुळ करायची. एक दिवस कुणीतरी मोठ्या माणसानं सांगितलं, ‘आता लहानांचा वर्ग तू घ्यायचा.’ झालं, टीचर! ख्रिस्ती घरांमध्ये हे इतकं अंगवळणी पडलंय की त्याला कुणी ‘समाजकार्य’ म्हणत नाही, आणि बायोडाटात लिहायचंही कुणाला सुचत नाही.

या संडे स्कूलची जुनी गोष्ट गंमतीची आहे. इंग्लंडमधल्या ग्लॉस्टर शहरात 1780 मध्ये रॉबर्ट रेक्स नावाच्या वर्तमानपत्रवाल्यानं (हो, आमच्याच धंद्यातला!) गरीब मुलांसाठी रविवारची शाळा काढली. आठवडाभर ही पोरं कामाला जुंपलेली असत, सुट्टी मिळे ती फक्त रविवारी. त्या शाळेत धर्माच्या धड्याआधी अक्षरओळख व्हायची. कारण उघड आहे. बायबल वाचायचं तर आधी वाचता आलं पाहिजे.

ख्रिस्ती लोक शाळा चालवतात, हे आपल्याला नवीन नाही. तुमच्यातले कितीतरी जण कॉन्व्हेंटमधूनच आलेत. जालन्याजवळच्या बेथेलचं नाव मात्र कदाचित ऐकलं नसेल. नारायण शेषाद्री हा ब्राह्मण तरुण 1843 मध्ये मुंबईत ख्रिस्ती झाला. पुढं त्यानं निजामाच्या राज्यात, आपल्या शेजारच्या जालन्याजवळ, सालारजंगांकडून जमीन मिळवून बेथेल हे गाव वसवलं. तिथं चर्चबरोबर शाळाही आली. पण शाळा काढणं ही झाली एक बाजू. वर्ग घेणारा माणूस स्वतः कुणाच्या वर्गात बसतो का? ही बाजू बघायची असेल तर जालन्याच्या उलट दिशेला जाऊ.

मनमाडमार्गे पुण्याला जाणारी गाडी तुम्ही कधीतरी पकडली असेल. वाटेत नगर लागतं, आताचं अहिल्यानगर. तिथं सिंथिया फरार नावाच्या अमेरिकन बाई मुलींना शिकवायच्या. त्या 1827 मध्ये मुंबईला आल्या, पुढं नगरला गेल्या आणि 1862 मध्ये तिथंच वारल्या. सावित्रीबाई फुल्यांनी शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं ते याच फरारबाईंच्या संस्थेत. म्हणजे आपल्या पहिल्या शिक्षिकेनंही आधी क्लास लावला होता! गाडी पुढं दौंडहून पुण्याकडे निघाली की केडगाव येतं. खिडकीतून साधंच स्टेशन दिसतं. पण पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन इथलंच.

रमाबाई आपल्याला पाठ्यपुस्तकात भेटतात त्या ‘समाजसुधारक’ म्हणून, दोन मार्कांच्या टिपेत. त्यांचं आयुष्य नीट वाचलं तर ही बाई जन्मभर कुठल्या ना कुठल्या वर्गात होती असं दिसतं. कधी फळ्याच्या या बाजूला, कधी त्या.

सुरुवात घरातूनच झाली. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा विरोध पत्करून बायकोला संस्कृत शिकवलं, आणि मग आईनं रमाला. दुष्काळात आईवडील गेले. भाऊ आणि ती पायी देश फिरली. 1878 मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी विशीतल्या या मुलीला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं. इथंच एखाद्यानं पाय पसरले असते. पुढं भाऊ गेला. लग्न झालं, मुलगी झाली, आणि 1882 मध्ये नवराही कॉलऱ्यानं गेला. त्याच वर्षी त्या पुण्याला आल्या. हंटर कमिशनपुढं साक्ष दिली, मुलींना शिकवायला बाई शिक्षिका हव्यात आणि बायकांसाठी बाई डॉक्टर हव्यात असं ठणकावून मांडलं. आणि त्याच दिवसांत ही ‘सरस्वती’ मिस हरफर्ड या मिशनरी बाईंकडे इंग्रजी शिकायला बसत होती. वय 24, कडेवर मूल, आणि ए बी सी डी पासून सुरुवात. आपल्याला तर सेकंड इयरला ‘बेसिक’ प्रश्न विचारायची लाज वाटते.

1883 मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि तिथं वाँटेज गावी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तिथल्या जोगिणींकडे राहताना देवाणघेवाण ठरली होती. त्यांनी रमाबाईंना इंग्रजी शिकवायचं आणि हिंदुस्थानात येणाऱ्या जोगिणींना रमाबाईंनी मराठी. डॉक्टर व्हायचं त्यांच्या मनात होतं, पण कानानं कमी ऐकू येत असल्यानं ते राहून गेलं. मग चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात शिकायचं आणि संस्कृत शिकवायचं असं सुरू झालं. तिथं पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावं असा विषय निघाला, तर हिंदुस्थानातल्या बिशपांची हरकत! रमाबाईंनी पत्रातून सुनावलं, की तरुण पुरुषांना शिकवू नको असं माझ्या वडिलांनी कधी म्हटलं नाही, नवऱ्यानं म्हटलं नाही, आणि आता काही इंग्रज मंडळी म्हणताहेत याचं मला फार नवल वाटतं. ख्रिस्ती झाल्या म्हणून चर्चमधल्या वडीलधाऱ्यांचं सगळं मुकाट्यानं ऐकलं असं झालं नाही. शिकवण्याचा हक्क त्यांनी सोडला नाही.

तिथून अमेरिका. 1886 च्या मार्चमध्ये त्या आनंदीबाई जोशींच्या पदवीदानाला फिलाडेल्फियात हजर होत्या. आणि त्याच शहरात त्या बालवाडीच्या शिक्षिकेचं प्रशिक्षण घ्यायला बसल्या. किंडरगार्टन! ज्या बाईनं शास्त्र्यांच्या सभा जिंकल्या, ती ठोकळे आणि कागदाच्या घड्या शिकत होती. मला हा प्रसंग त्यांच्या सगळ्या भाषणांपेक्षा मोठा वाटतो.

11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झालं. विधवा मुलींसाठी. पहिल्या विद्यार्थिनींमध्ये गोदूबाई नावाची एक विधवा होती. तीच पुढं धोंडो केशव कर्व्यांची पत्नी आनंदीबाई झाली. सदन नंतर पुण्याला आलं, आणि इथंच ती गोष्ट घडली जिच्याबद्दल आजही वर्ग घेणाऱ्या प्रत्येक ख्रिस्ती तरुणानं विचार करायला हवा. खरंतर कुठल्याही धर्माच्या.

सदनात धर्म शिकवायचा नाही, असं ठरलेलं होतं. मुली आपलं सोवळंओवळं पाळू शकत होत्या. रमाबाई रोज आपल्या खोलीत, मुलगी मनोरमेबरोबर, प्रार्थना करायच्या. दार उघडं असायचं. काही मुली येऊन बसायला लागल्या. पुण्यात गवगवा झाला, ‘केसरी’नं झोड उठवली. 1893 मध्ये रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. पालकांनी मुली काढून नेल्या. कुठे नेल्या? ज्या घरांतून आणल्या होत्या तिथंच. वही मिटली.

चूक कुणाची? रमाबाईंचं म्हणणं होतं, मी कुणाला बोलावलं नाही, पण स्वतःच्या देवाची प्रार्थना करायला दार का लावून घेऊ? पटतं. दुसरीकडे, पालकांची भीती निव्वळ कांगावा होती असंही मला म्हणवत नाही. बारा-तेरा वर्षांची मुलगी, जगात तिचं कुणी नाही, आणि जिनं जेवू घातलं, हातात पाटी दिली, ती बाई डोळे मिटून बसलीये. त्या मुलीला तिच्याशेजारी जाऊन बसावंसं वाटणारच. शिकवणाऱ्याचं वजन असतं, तो काही बोलला नाही तरी. तुम्ही उद्या मुकुंदवाडीत नाहीतर वाळूजच्या कामगार वस्तीत गणिताचा क्लास सुरू केलात तर तुमचंही असेल.

मग काय करायचं? माझं मत सांगते. श्रद्धेनं तुम्हाला तिथं पाठवलं असेल तर ते लपवू नका. पहिल्याच दिवशी घरोघरी जाऊन आयांना सांगा, आम्ही कोण, कुठून आलो, काय शिकवणार. अपूर्णांकांचा तास म्हटलात तर तो अपूर्णांकांचाच घ्या, शेवटची दहा मिनिटं हळूच दुसऱ्या कशाला देऊ नका. आणि संडे स्कूल असेल तर बाहेर संडे स्कूल असंच लिहा.

रमाबाई थांबल्या नाहीत. 1896-97 च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो मुली-बायका आणल्या आणि केडगावचं माळरान वसलं. 1900 च्या सुमारास तिथं दीड-दोन हजार जणी होत्या. आता इतक्या जणींना एकटी कोण शिकवणार? जिला वाचता यायला लागलं ती दुसरीला शिकवायची. विणकाम, घाणा, गाईगुरं, छापखाना, सगळं शिकून घ्यायचं आणि पुढं द्यायचं. मनोरमाबाईंनी ब्रेल शिकून घेतलं आणि आंधळ्या मुलींना वाचायला शिकवलं. इकडे 1896 मध्ये कर्व्यांनी स्वतःचा आश्रम काढला. सदनाच्या एका विद्यार्थिनीचा नवरा, हे विसरू नका.

‘पण मला कुठे एवढं येतं?’ हे तुमचं वाक्य मला इथं ऐकू येतंय. वाँटेजची देवाणघेवाण आठवा. तुम्हाला एक्सेल येतं, समोरच्या मावशींना मशीनवर ब्लाउज शिवता येतो. करा अदलाबदल. आपल्या शहरात तर अशी संधी गल्लोगल्ली आहे. तुम्ही ज्या पोराला इंग्रजी शिकवताय त्याला उर्दू लिहिता येत असेल, तर आपल्या शहरातल्या जुन्या दगडांवरच्या पाट्या वाचायला त्याच्याकडून अलिफ-बे शिका. जो पोरगा तुमच्या चुका सुधारतो तो दुसऱ्या रविवारी वेळेच्या आधी येऊन बसतो, हे मी स्वतः बघितलंय.

केडगावला शेवटच्या काळात रमाबाईंनी काय हाती घेतलं असेल? साध्या बायकांना समजेल अशा मराठीत अख्ख्या बायबलचं भाषांतर. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकायला त्या उतारवयात पुन्हा पुस्तकं उघडून बसल्या. खिळे जुळवायला आणि छापायला त्यांच्याच शिकवलेल्या बायका होत्या. 1921 मध्ये मनोरमा गेली. काम चालू राहिलं. पुढच्या वर्षी भाषांतराचं काम हातावेगळं झालं आणि काही दिवसांतच, 5 एप्रिल 1922 ला, त्या गेल्या. छपाई त्या बायकांनी पूर्ण केली.

उन्हाळ्याच्या सुट्टीत बऱ्याच चर्चमध्ये मुलांसाठी ‘व्हीबीएस’ भरतं, म्हणजे सुट्टीतली बायबल शाळा. त्याआधी टीचर्सचं ट्रेनिंग असतं. कधी जमलं तर बाहेरून डोकावून बघा. मिसरूड फुटलेली, परीक्षेनं वैतागलेली कॉलेजची पोरं आणि पोरी ओळीत उभी असतात आणि पाच वर्षांच्या मुलांची गाणी, हातवाऱ्यांसकट, शिकत असतात. मागच्या ओळीतला एखादा लाजतो. मग पुढची ताई गाणं थांबवते आणि त्याला म्हणते, ‘तू, हो तूच, परत कर.’