वर्षाला तेरा रिचार्ज

“महिने बारा, रिचार्ज तेरा.” तेलंगणातल्या तलमडुगूचा एक मोबाइल दुकानदार प्रत्येक गिऱ्हाइकाला हे ऐकवतो, असं आदिलाबादच्या नातेवाइकांनी सांगितलं होतं. हिशेबच न करता अर्धं गाव कंपनी बदलत असताना हा माणूस हिशेब करून दाखवतो, म्हणून मी त्याच्या दुकानात जाऊन बसले.

दुकानाची पाटी तेलुगू, आतलं बोलणं बरंचसं मराठी. फवारणीचे दिवस. शेतातून थेट आलेल्या एका मावशींनी बटणांचा फोन काउंटरवर ठेवला, तर त्याला औषधाचा उग्र वास येत होता. “पोर्ट करून दे रे भाऊ. दुसरी कंपनी स्वस्त हाय म्हणते पोरगा.”

पोर्ट केलं, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलली, तर दुकानदाराला कमिशन मिळतं. तरी त्यानं आधी विचारलं, “वावरात रेंज कोणाची येते?” मावशींना सांगता येईना. त्यानं खणातून दुसऱ्या कंपनीचं सिम घातलेला जुना फोन काढून त्यांच्या हातात दिला. “दोन दिवस वावरात न्या, घरात चुलीपाशी न्या. लागला तर पोर्ट करू.”

मग त्यानं भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं. १ जानेवारीला पेनानं गोल केला, एक रिचार्ज चालतं तेवढे अठ्ठावीस दिवस मोजून २९ जानेवारीला दुसरा, मग २६ फेब्रुवारी. पानं उलटत ३ डिसेंबरला पोचला तेव्हा तेरा गोल झाले होते. जून-जुलैच्या पानांवर तो थांबला. १८ जून, १६ जुलै. बियाणं आणि खतात पैसा अडकलेला असतो नेमका तेव्हाच. कापूस विकून हातात पैसे येतात ते दिवाळीच्या पुढे-मागे. या गावाचा पैसा वर्षातून एकदा येतो आणि फोन तेरा वेळा मागतो. मला हे अन्यायाचंच वाटतं.

मावशींचा पोरगा दूर राहून त्यांच्या फोनवर २९९ रुपयांचं रिचार्ज मारतो, रोज दीड जीबी नेटवालं. जुलै २०२४ च्या दरवाढीआधी असा प्लॅन २३९ ला मिळायचा. तेरा वेळा २९९ म्हणजे ३,८८७ रुपये. “नेट कधी पाहिलं का मावशी?” “या फोनात कुठचं नेट बाप्पा!”

खरा हिशेब इथंच होता. ट्रायनं, म्हणजे दूरसंचार नियामकानं, डिसेंबर २०२४ मध्ये नियम केला की, फक्त बोलणं आणि एसएमएस असलेला प्लॅन प्रत्येक कंपनीनं द्यायलाच हवा. पुढच्या महिन्यात ८४ दिवसांचे असे प्लॅन साडेचारशे ते पावणेपाचशेच्या घरात आले. त्या भावानं वर्षाचा खर्च दोन हजारांच्या आसपास बसतो. पूर्ण वर्षाचा प्लॅन आणखी स्वस्त पडतो, पण त्यासाठी एकरकमी पैसे लागतात. स्वस्ताई आधी पैसेवाल्यालाच मिळते.

कंपनी बदलायचीच, तरी नंबर सोडून नवं सिम घेणं मावशींना जमणारं नव्हतं. बँक, आधार, सगळं त्याच नंबराला जोडलेलं. पोर्टाची रीत सोपी आहे. १९०० वर एसएमएस केला की आठ अक्षर-अंकी कोड येतो आणि तो चार दिवस चालतो. एका सर्कलमध्ये, म्हणजे कंपन्यांच्या एकाच सेवा-विभागात, काम तीन कामाच्या दिवसांत होतं. नंबर किनवटकडचा असेल, तर सर्कल महाराष्ट्राचं आणि दिवस पाच. तेलंगण राज्य २०१४ साली झालं, तरी इथलं सर्कल अजून आंध्र प्रदेशच आहे. नव्या कंपनीत गेलं की नव्वद दिवस तिथून हलता येत नाही. आणि जुन्यातला शिल्लक बॅलन्स, उरलेले दिवस बुडतात. मावशींचे अजून सतरा दिवस बाकी होते.

तेरा गोलांकडे मावशी बराच वेळ बघत राहिल्या. मग कमरेची पिशवी सोडून म्हणाल्या, “पोर्ट राहू दे. हे दिवस सरले की बोलायचंच मार.” दुकानदाराचं कमिशन गेलं. त्यानं वहीत त्यांच्या नावापुढे तारीख लिहिली आणि पुढच्या माणसाचा फोन हातात घेतला.

तुमच्या घरी आई-वडिलांकडे बटणांचा फोन असेल, तर कंपनी बदलण्याआधी एवढं करा. आहे त्याच कंपनीकडे फक्त बोलण्याचा प्लॅन मागा. दुकानदार ‘असा प्लॅनच नाही’ म्हणाला, तर ट्रायचा नियम सांगून पुन्हा मागा.