गूळ, मध की स्टेव्हिया? साखरेच्या पर्यायांविषयी थोडेसे

सातारा व सांगली हे दोन्ही जिल्हे उसाचे. कृष्णाकाठच्या मळ्यांनी, साखर कारखान्यांनी व गुऱ्हाळांनी येथील असंख्य कुटुंबांना आधार दिला. साहजिकच मधुमेहाचे निदान झाले की रुग्णाचे नातेवाईक आम्हांस प्रथम विचारतात, "साखर बंद केली, आता गुळाचा चहा चालेल ना?" या प्रश्नाचे स्पष्ट उत्तर सर्वांपर्यंत पोहोचावे, यासाठी हा लेखनप्रपंच.

नैसर्गिक म्हणजे कमी उष्मांकाचे, असे नव्हे. १०० ग्रॅम साखरेतून सुमारे ४०० कॅलरी मिळतात. तेवढ्याच गुळातून सुमारे ३८०, तर मधातून सुमारे ३२०. गूळ व काकवी यांत लोहादी क्षार काहीसे अधिक असतात हे खरे. परंतु रक्तातील साखर तीही वाढवितातच.

स्टेव्हियाची गोष्ट निराळी आहे. मूळच्या पॅराग्वेकडील या झुडुपाच्या पानांचा शुद्ध अर्क साखरेच्या सुमारे २०० ते ३०० पट गोड असून त्याचे उष्मांक जवळजवळ शून्य आहेत. भारतात ठरावीक खाद्यपदार्थांत त्याच्या वापरास २०१५ साली मान्यता मिळाली. मात्र काही पुड्यांत डेक्स्ट्रोज किंवा माल्टोडेक्स्ट्रिन मिसळलेले असते. म्हणून वेष्टनावरील घटक अवश्य वाचावेत.

केवळ वजन घटविण्यासाठी अशा पर्यायांवर विसंबू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली सुचविले. स्टेव्हियाही त्यात आला. ही सूचना मधुमेहींसाठी नसली, तरी त्यांनीही डॉक्टरांना विचारूनच तो घ्यावा. जिभेची गोडीची सवय हळूहळू कमी करणे, हाच सर्वांसाठी उत्तम मार्ग होय.

एक गोष्ट मात्र कदापि विसरू नये. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या काही गोळ्या घेणाऱ्या रुग्णाची साखर अचानक उतरू शकते. घाम, थरथर, भोवळ ही त्याची लक्षणे. अशा वेळी स्टेव्हियाचा काहीही उपयोग होत नाही. रुग्ण शुद्धीवर असल्यास तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून त्वरित द्यावी. बेशुद्ध असल्यास तोंडात काहीही न घालता तत्काळ रुग्णालयात आणावे.

तात्पर्य, चहातील साखर जरूर सोडावी. परंतु मधुमेह्याच्या घरातील साखरेचा डबा हाताशी असावा. ही माहिती आपण शेजारीपाजारीही सांगावी, अशी आमची नम्र विनंती आहे.