पावसाळी भुछत्रे (लेखांक ६) : उकिरड्यावरची शाई

शेणखताच्या ढिगावर पावसाळ्यात रातोरात उगवणारी आणि दुपारपर्यंत काळ्या पाण्यात विरघळून जाणारी नाजूक, करडी भुछत्रे म्हणजे इंककॅप, अर्थात शाईच्या टोप्या. बोलीत ती इतर भुछत्रांबरोबर ‘कुत्र्याच्या छत्र्या’ या एकाच नावात मोडतात. शास्त्रात मात्र पर्सून यांनी १७९७ साली त्यांचा वेगळा गट केला आणि शेणासाठीच्या ‘कोप्रोस’ या ग्रीक शब्दावरून त्याला ‘कोप्रिनस’ असे नाव दिले.

जुन्नर तालुक्याच्या पूर्व भागातले बेल्हे हे गाव सोमवारच्या आठवडे बाजारासाठी आणि बैलबाजारासाठी ओळखले जाते. जिथे बैल तिथे गोठा, आणि गोठा तिथे उकिरडा. शेण, गोमूत्रात भिजलेली माती आणि गव्हाणीतली उरलेली चघळ यांचा हा ढीग उन्हाळ्यात कोरडा पडून असतो. पावसाने तो आतपर्यंत भिजला, की इंककॅपला हवी असलेली ऊब, ओल आणि अन्न एकाच जागी मिळते.

शेणात उगवणाऱ्या जातींची सुरुवात गवतापासून होते. हवेतून आलेले बीजाणू चाऱ्यावर बसतात, चाऱ्याबरोबर जनावराच्या पोटात जातात आणि न पचता शेणातून बाहेर पडतात. ताज्या शेणातली सोपी साखर आधी साध्या बुरश्या फस्त करतात. इंककॅपचे धागे मागाहून जोर धरतात, कारण काडीकचऱ्यातला चिवट भाग पचवण्याची ताकद त्यांच्यात असते. शिवाय ते आपल्या जागेची राखणही करतात. इंककॅपचा धागा नुसता टेकला तरी शेजारच्या बुरशीच्या पेशी मरतात, हे इकेडिउग्वू आणि वेब्स्टर यांनी १९७० साली दाखवले.

छत्री विरघळते म्हणजे सडते, असा पाहणाऱ्याचा समज होतो. प्रत्यक्षात विरघळणे हा बीजाणू उडवण्याच्या कामाचाच भाग आहे. साध्या भुछत्राच्या टोपीखालचे पडदे कडेकडे निमुळते असतात, त्यामुळे बीजाणूंना खाली पडायला वाट राहते. इंककॅपचे पडदे वहीच्या पानांसारखे दाट आणि सारख्या जाडीचे असतात. म्हणून बीजाणू खालच्या कडेपासून वर क्रमाक्रमाने पिकतात. पिकलेल्या कडेवरचे बीजाणू हवेत सुटले, की पेशींमधली विकरे ती रिकामी कड विरघळवून टाकतात आणि वरच्या पट्ट्याला वाट मोकळी होते. ठिबकणारे काळे पाणी म्हणजे काम संपलेल्या पेशींचा रस, त्यात मागे राहिलेले थोडे बीजाणू. ही उकल आर्थर बुलर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी बारकाईने निरीक्षण करून केली.

हे सारे नुसत्या डोळ्यांनी पाहता येते, त्यासाठी पहाटे उकिरड्यापाशी पोहोचायला हवे. अंधुक उजेडात टोप्या लहान अंड्यांएवढ्या दिसतात. त्यांच्यावर पांढरट लव असते आणि ती बोट लागताच पुसली जाते. ऊन चढेल तशी टोपी उघडते, तिच्यावर बारीक रेघा उमटतात आणि कड वर वळू लागते. कडेवर आधी राखाडी, मग काळी रेघ येते आणि तिथे थेंब धरतात. थेंबाखाली पांढरा कागद धरला तर त्यावर खरोखरची शाई पडते. दुपारी तिथे पांढरी, पोकळ देठे तेवढी उरतात. ज्या ढिगावरून रोज पाट्या भरल्या जातात, त्याच ढिगावर हा सोहळा घडतो आणि पाहणाऱ्याला भान हरपायला लावतो.

सगळ्याच इंककॅप शेणात उगवत नाहीत. जुन्या बुंध्याशी शेकड्यांनी दाटणारी इवली छत्री जवळजवळ विरघळतच नाही. दुसऱ्या एका जातीच्या टोपीवर अभ्रकासारखे कण चमकतात. उंच, खवलेदार टोपीची जात तर बटण मशरूमची जवळची नातलग निघाली. डीएनएच्या तुलनेनंतर २००१ साली जुना गट चार प्रजातींत विभागला गेला.

शेणावरची कोप्रिनॉप्सिस सिनेरिया ही जात प्रयोगशाळांतही मोलाची ठरली. तिचे जीवनचक्र साधारण दोन आठवड्यांत पुरे होते आणि टोपीतल्या असंख्य पेशी एकाच वेळी विभागतात, त्यामुळे पेशीविभाजनाचा प्रत्येक टप्पा अभ्यासता येतो. तिच्या १३ गुणसूत्रांचा आराखडा २०१० साली प्रसिद्ध झाला. मशरूम पिकवणाऱ्यांना ती वेगळ्या कारणाने ठाऊक असते. कंपोस्टमध्ये ती उगवली, तर त्यात अजून अमोनिया शिल्लक आहे, असे ते ओळखतात.

उकिरड्यावरच्या छत्र्या खाण्यासाठी नाहीत. एका करड्या जातीत कोप्रिन हे द्रव्य असते, ते १९७५ साली वेगळे करण्यात आले. ही छत्री खाल्ल्यावर दोन-तीन दिवसांतही दारू घेतली तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते आणि उलट्या होतात, कारण दारूपासून शरीरात तयार होणाऱ्या विषारी द्रव्याचा निचरा कोप्रिनमुळे थांबतो. शाई मात्र निर्धास्त वापरावी. थेंब वाटीत गोळा करून, थोडे उकळून बोरूने लिहिले, तर काळसर तपकिरी अक्षरे उमटतात. हा रंग बीजाणूंच्या भिंतींतल्या मेलॅनिनचा असतो, आणि वाळलेल्या अक्षरावर सूक्ष्मदर्शक धरला की त्यात ते बीजाणू एकेक वेगळे दिसतात.