चाकूरचे पंधरा बाइट

लातूर जिल्ह्यातील ‘चाकूर’ हेच नाव घ्या. च, काना, क, दीर्घ ऊकार व र ही पाच चिन्हे. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास ३ बाइट लागतात. म्हणजे यंत्राच्या लेखी चाकूर १५ बाइटांचे! ते कसे वाचावे हे न सांगितल्यास पीकविम्याच्या सूचनेऐवजी शेतकऱ्यास निरर्थक चिन्हे दिसावयाची. यास्तव एचटीएमएलच्या पानात, पहिल्या १०२४ बाइटांच्या आत, मेटा खुणेने पद्धत घोषित करावी; पान जतनही तसेच करावे. येथवर पुष्कळ जण येतात. परंतु पान धाडणारा सर्व्हर निराळी पद्धत सांगू लागला, तर ब्राउझर सहसा सर्व्हरचेच ऐकतो. म्हणून अपाचे सर्व्हर असल्यास त्याच्या जुळणीतील ‘ॲड-डीफॉल्ट-चारसेट’ ही ओळ आधी तपासावी.