आदर्श वायू समीकरणावरील गणिते

आदर्श वायू समीकरण हे वायूचा दाब, आकारमान, मोलसंख्या व तापमान यांचा परस्परसंबंध सांगणारे समीकरण आहे. बॉइल व गे-ल्युसॅक यांच्या नियमांचा मेळ घालून फ्रेंच अभियंते एमिल क्लापेरॉन यांनी १८३४ मध्ये त्याचे पहिले रूप मांडले. आजचे रूप पुढीलप्रमाणे आहे:

दाब × आकारमान = मोलसंख्या × वायुस्थिरांक × तापमान

दाब किलोपास्कलमध्ये व आकारमान लिटरमध्ये घेतल्यास वायुस्थिरांकाचे मूल्य ८.३१४ येते. तापमान नेहमी केल्व्हिनमध्येच घ्यावे लागते.

गणिताची रीत

१. वस्तुमानावरून मोलसंख्या काढणे.
२. सेल्सियस तापमानात २७३ मिळवणे.
३. वायूचा प्रत्यक्ष दाब ठरवणे.
४. अज्ञात राशी काढणे.

उदाहरण

कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून अधिक उंचीवर असल्याने तेथील हवेचा दाब १०१.३ नव्हे, तर सुमारे ९५ किलोपास्कल असतो. तेथील प्रयोगशाळेत ३०° सेल्सियस तापमानाला ०.३२७ ग्रॅम जस्तावर पुरेशा हायड्रोक्लोरिक आम्लाची क्रिया करून हायड्रोजन पाण्यावर गोळा केला, असे मानू.

जस्ताचे मोलर वस्तुमान ६५.४ ग्रॅम असल्याने जस्त ०.००५ मोल आहे. एक मोल जस्तापासून एक मोल हायड्रोजन मिळतो. म्हणून हायड्रोजनही ०.००५ मोल. ३०° सेल्सियसला पाण्याचा बाष्पदाब ४.२ किलोपास्कल असतो. तो वजा करता हायड्रोजनचा दाब ९०.८ किलोपास्कल उरतो.

आकारमान = (०.००५ × ८.३१४ × ३०३) ÷ ९०.८ = ०.१३९ लिटर, म्हणजे १३९ मिलिलिटर.

नेहमीची चूक

एक मोल वायू २२.४ लिटर जागा व्यापतो, हे ०° सेल्सियस व १०१.३ किलोपास्कल या स्थितीपुरतेच खरे आहे. ते येथे वापरल्यास उत्तर ११२ मिलिलिटर येते. तापमान लक्षात घेता ते १२४, स्थानिक दाब घेता १३३ आणि बाष्पदाब वजा करता १३९ होते. प्रत्यक्ष आकारमान अशा रीतीने सुमारे २४ टक्क्यांनी अधिक भरते. उलट दिशेने, जमलेल्या वायूवरून जस्ताची शुद्धता काढताना २२.४ हा आकडा वापरल्यास शुद्धता १०० टक्क्यांहून अधिक येऊ शकते.

मर्यादा

उच्च दाबाला व द्रवीभवनाजवळच्या तापमानाला हे समीकरण अचूक राहत नाही. स्वयंपाकाच्या सिलिंडरमधील इंधन बहुतांशी द्रवरूप असते. त्यामुळे त्याचे प्रमाण या समीकरणाने काढता येत नाही, ते वजनावरूनच ठरवले जाते.